व्यवसायोपचाराच्या आद्य प्रवर्तक : श्रीमती कमला निंबकर

दुखणे हटले म्हणजे रुग्ण बरा झाला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. रुग्णालयातून घरी आणलेल्या माणसाचा जीव वाचला, जखम भरली, ताप उतरला, की घरात समाधान पसरते. परंतु पक्षाघाताने ज्याचा उजवा हात लुळा पडला आहे, त्याला स्वतःच्या हाताने घास तोंडाशी नेता येत नाही. कडबाकुट्टीत ज्याची बोटे गेली, त्या शेतकऱ्याला विळा धरता येत नाही. पाय अधू झालेले मूल शाळेच्या पायऱ्यांशी अडते. या सर्वांचे प्राण वाचलेले असतात, पण जीवन मात्र तेथेच थांबलेले असते. जेथे औषधाचे काम संपते आणि रोजच्या जगण्याचे काम सुरू व्हायचे असते, त्या मधल्या वाटेवर रुग्णाला साथ देणारे एक शास्त्र आहे. त्याला व्यवसायोपचार म्हणतात; ऑक्युपेशनल थेरपी या नावाने ते अधिक परिचित आहे.

हे शास्त्र भारतात रुजविण्याचे आणि त्याचे रीतसर शिक्षण सुरू करण्याचे श्रेय ज्या विदुषीकडे जाते, त्या श्रीमती कमला निंबकर होत. जन्माने अमेरिकन, विवाहाने महाराष्ट्राच्या सूनबाई आणि कार्याने साऱ्या देशाच्या झालेल्या या थोर स्त्रीचे नाव आपल्याच सातारा जिल्ह्यात, फलटण येथे, एका शाळेच्या रूपाने आजही घेतले जाते. रहिमतपूर आणि परिसरातील वाचकांना त्यांच्या जीवनकार्याचा परिचय करून द्यावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

क्वेकर घराण्याचा वारसा

कमलाबाईंचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. त्यांचा जन्म १९०० साली अमेरिकेत एका क्वेकर कुटुंबात झाला. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातील एक छोटा पंथ. साधी राहणी, सत्याचा आग्रह, मौन प्रार्थना, सर्व माणसांविषयी समभाव आणि शस्त्र न उचलण्याचा निर्धार ही या पंथाची वैशिष्ट्ये होत. आपल्या वाचकांना ही तत्त्वे परकी वाटणार नाहीत.

व्यवसायोपचाराच्या इतिहासात या पंथाला मानाचे स्थान आहे. अठराव्या शतकापर्यंत युरोपात मनोरुग्णांना साखळदंडाने बांधून कोठड्यांत डांबले जाई. इंग्लंडमधील यॉर्क या गावी विल्यम ट्यूक या क्वेकर व्यापाऱ्याने १७९६ मध्ये मनोरुग्णांसाठी एक निवास उघडला. तेथे साखळदंडांच्या जागी माणुसकीची वागणूक आली आणि रुग्णांना बागकाम, शिवण, घरकाम अशी नित्याची कामे दिली जाऊ लागली. हाताला अर्थपूर्ण काम मिळाले की अस्वस्थ मनही ठिकाणावर येऊ लागते, असा तेथील अनुभव होता. त्याच धर्तीवर अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराजवळ क्वेकर मंडळींनी १८१७ मध्ये मनोरुग्णालय सुरू केले. पुढे शंभर वर्षांनी, १९१७ मध्ये, याच विचारातून अमेरिकेत व्यवसायोपचाराची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पहिल्या महायुद्धात जायबंदी होऊन परतणाऱ्या हजारो सैनिकांना पुन्हा कामाला लावण्याचा प्रश्न त्या वेळी उभा राहिला होता. त्यामुळे मनोरुग्णांसाठी जन्मलेले हे शास्त्र शरीराने अपंग झालेल्यांसाठीही उपयोगी ठरले.

कमलाबाईंनी पुढे जे कार्य हाती घेतले, त्याची बीजे अशी त्यांच्या घराण्याच्या संस्कारांतच होती, असे म्हणावयास हरकत नाही.

साता समुद्रापलीकडची सून

श्री. विष्णू निंबकर या महाराष्ट्रीय गृहस्थांशी एलिझाबेथ यांचा विवाह झाला आणि १९३० च्या सुमारास त्या भारतात आल्या. त्यांनी कमला हे नाव स्वीकारले. तो काळ मिठाच्या सत्याग्रहाचा होता. सारा देश ढवळून निघाला होता. अशा वेळी परक्या देशातून आलेल्या एका तरुणीने येथील भाषा, चालीरीती, हवामान आणि माणसे आपलीशी करणे ही सोपी गोष्ट नव्हती. १९३१ मध्ये त्यांना पुत्ररत्न झाले. त्याचे नाव बनबिहारी. पुढे कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आलेले पद्मश्री बी. व्ही. निंबकर ते हेच.

मुंबईत राहत असताना कमलाबाईंनी लहान मुलांच्या शिक्षणाचे कार्य केले. मूल ऐकून कमी आणि करून अधिक शिकते, ही शिक्षणशास्त्राची मूलभूत जाण त्या कामात उपयोगी पडते. नंतरच्या आयुष्यात त्यांनी ज्या शास्त्राला वाहून घेतले, त्याचेही मर्म हेच आहे. रुग्ण उपदेशाने नव्हे, तर करण्याने बरा होतो. शिक्षिका आणि उपचारक या दोन भूमिका त्यांच्या ठायी एकमेकींस पूरक ठरल्या.

चाळिशीनंतर पुन्हा विद्यार्थिनी

दुसऱ्या महायुद्धाने जगभर अपंगत्वाचा प्रश्न पुन्हा तीव्र केला. त्या काळात पुनर्वसनाच्या विद्येने पाश्चात्त्य देशांत मोठी झेप घेतली. भारतात मात्र व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी एकही संस्था नव्हती. कमलाबाईंनी वयाची चाळिशी उलटल्यावर, संसार आणि मुलाची जबाबदारी असताना, पुन्हा विद्यार्थिनी होण्याचा निर्णय घेतला. फिलाडेल्फिया येथील व्यवसायोपचार विद्यालयात त्यांनी रीतसर शिक्षण घेतले. ज्या वयात बहुतेक माणसे नवे काही शिकण्याची आशा सोडून देतात, त्या वयात शरीररचना, स्नायूंचे कार्य, मनोविकार आणि हस्तव्यवसाय यांचा अभ्यास नव्याने करणे हा त्यांच्या जिद्दीचा पुरावाच होय.

शिक्षण पूर्ण झाल्यावर अमेरिकेतच स्थिरावणे त्यांना अवघड नव्हते. परंतु शिकलेली विद्या आपल्या स्वीकारलेल्या देशाच्या उपयोगी पडावी, या ध्येयाने त्या परतल्या.

केईएम रुग्णालयातील पहिले विद्यालय

१९५० साली मुंबईतील परळच्या केईएम रुग्णालयात कमलाबाईंनी व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. भारतातीलच नव्हे, तर आशिया खंडातील हे पहिले विद्यालय मानले जाते. परळ हा गिरणगावाचा भाग. गिरण्यांतील यंत्रांत हात सापडलेले कामगार, हाडांच्या क्षयाने महिनोन् महिने खाटेवर पडून राहिलेले रुग्ण, पोलिओने पाय गमावलेली बालके, हे तेथील नित्याचे दृश्य होते. शस्त्रक्रिया कुशलतेने होत. परंतु शस्त्रक्रियेनंतरचा माणूस पुन्हा आपल्या कामावर कसा जाईल, याचा विचार करणारे प्रशिक्षित हात नव्हते.

त्याच सुमारास मुंबईत पुनर्वसनाच्या क्षेत्रात इतरही प्रयत्न आकार घेत होते. आपल्या मुलीला पोलिओ झाल्यावर श्रीमती फातिमा इस्माइल यांनी १९४७ मध्ये अपंग बालकांसाठी उपचार केंद्र सुरू केले होते. पुढे केईएममध्येच फिजिओथेरपीचे विद्यालय जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने निघाले. १९५५ मध्ये हाजी अली येथे पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. या साऱ्या चळवळीत कमलाबाईंच्या विद्यालयाचे वेगळेपण असे, की त्यांनी रुग्णांवर उपचार करण्याबरोबरच उपचार करणारी माणसे घडविण्याचे काम पहिल्या दिवसापासून हाती घेतले. कालांतराने नागपूर येथेही या विषयाचे शिक्षण सुरू झाले.

व्यवसायोपचार म्हणजे केवळ वेळ घालविण्यासाठी रुग्णाला टोपल्या विणायला देणे नव्हे. प्रत्येक कामाचे सूक्ष्म पृथक्करण करून, त्यात कोणता सांधा किती वाकतो, कोणत्या स्नायूला किती जोर लागतो, लक्ष किती वेळ एकाग्र करावे लागते, हे उपचारक आधी पाहतो. हातमागावर धोटा फेकताना खांदा आणि कोपर मोकळे होतात. करवतीने लाकूड कापताना दंडात बळ येते. कणीक मळताना बोटे, मनगट आणि खांदा एकत्र काम करतात. आखडलेल्या खांद्याचा रुग्ण व्यायाम म्हणून हात वर करताना कण्हतो. परंतु फळीवरचा डबा काढण्याच्या नादात तोच हात अधिक वर जातो. हे रहस्य ओळखून योग्य रुग्णास योग्य वेळी योग्य काम देणे, हीच या शास्त्राची कसोटी होय.

एका व्यक्तीपलीकडे टिकणारी व्यवस्था

सेवाभावी माणसे आपल्याकडे पुष्कळ होऊन गेली. परंतु त्यांच्या पश्चात त्यांचे कार्य मावळल्याची उदाहरणेही थोडी नाहीत. कमलाबाईंची दूरदृष्टी येथे विशेष जाणवते. आपल्या हातून किती रुग्ण बरे होतील, एवढाच विचार त्यांनी केला नाही. आपण नसताना हे कार्य कोण करील, याची तरतूद त्या करीत राहिल्या.

विद्यालय सुरू झाल्यावर दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, अखिल भारतीय व्यवसायोपचार संघटना स्थापन झाली. कमलाबाई तिच्या संस्थापक अध्यक्षा होत्या. त्याच वर्षी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे व्यवसायोपचारकांच्या जागतिक महासंघाची पूर्वतयारीची सभा भरली. महासंघाच्या अवघ्या दहा संस्थापक सदस्य देशांत अमेरिका, कॅनडा, स्वीडन, ऑस्ट्रेलिया यांच्या बरोबरीने भारताचे नाव होते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या आणि या विषयाची एकच शाळा असलेल्या देशाला हा मान मिळाला, यामागे कमलाबाईंचे परिश्रम होते.

१९६० मध्ये त्यांनी आशियातील पुनर्वसनकार्याला वाहिलेले एक इंग्रजी नियतकालिक सुरू केले आणि त्याचे संपादन केले. निरनिराळ्या देशांत एकाकीपणे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना एकमेकांचे अनुभव कळावेत, हा त्याचा उद्देश. अपंगांना दयेची भीक नको, समान संधी हवी, हा विचार घेऊन १९६८ मध्ये मुंबईत जी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, तिच्या उभारणीतही कमलाबाईंचा मोठा वाटा होता. भारतातील पुनर्वसनकार्याचा आणि व्यवसायोपचाराचा इतिहास सांगणारा त्यांचा ग्रंथ १९८० मध्ये प्रकाशित झाला. परंतु तो पाहण्यास त्या राहिल्या नव्हत्या. १९७९ साली त्यांची प्राणज्योत मालवली होती.

विद्यालय, संघटना, नियतकालिक आणि ग्रंथ अशा चार खांबांवर त्यांनी हे मंदिर उभे केले. म्हणूनच ते त्यांच्या पश्चातही उभे राहिले.

फलटणशी ऋणानुबंध

कमलाबाईंचे चिरंजीव बनबिहारी यांनी फलटण ही आपली कर्मभूमी मानली. १९६८ मध्ये त्यांनी तेथे निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. २००६ मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला आणि २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. अमेरिकेतूनच येऊन फलटणकर झालेल्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेची स्थापना केली होती. त्या संस्थेने १९८६ मध्ये मुलांसाठी शाळा सुरू केली, तेव्हा तिला कमला निंबकर बालभवन असे नाव देण्यात आले. मुलांच्या शिक्षणापासून ज्यांच्या भारतातील कार्याला आरंभ झाला, त्यांचे स्मरण एका शाळेच्या नावाने जपले जावे, हे सर्वथा उचितच आहे.

आजच्या विद्यार्थ्यांसाठी

कमलाबाईंनी लावलेल्या रोपट्याचा आज वृक्ष झाला आहे. परंतु त्याची सावली खेड्यापाड्यांपर्यंत अद्याप पुरेशी पोहोचलेली नाही. पुनर्वसनाचे क्षेत्र व्यवसाय म्हणून निवडू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि पालकांना त्यातील शाखांची माहिती असावी. फिजिओथेरपी प्रामुख्याने हालचाल, ताकद, तोल आणि वेदना यांकडे पाहते. व्यवसायोपचार त्या हालचालीतून जेवणे, कपडे घालणे, लिहिणे, नोकरी करणे ही कामे पुन्हा कशी साधतील, हे पाहतो. वाणी आणि गिळण्याच्या अडचणींसाठी वाचा-उपचारतज्ज्ञ असतात. कृत्रिम हातपाय व आधारपट्ट्या बनविणाऱ्यांचे शास्त्रही स्वतंत्र आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा शिकण्यातील अडचणी असलेल्या बालकांसाठी यांतील अनेकांना एकत्र काम करावे लागते.

बारावी विज्ञान शाखेनंतर या अभ्यासक्रमांना प्रवेश मिळतो. व्यवसायोपचाराच्या पदवीसाठी चार वर्षांचे शिक्षण आणि त्यानंतर आंतरवासिता करावी लागते. मुंबईतील महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत व नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण मिळते. फिजिओथेरपीचे शिक्षण तर आपल्या जिल्ह्यात कराड येथेही उपलब्ध आहे. महाराष्ट्राने या दोन्ही व्यवसायांसाठी २००२ मध्ये परिषदेचा कायदा केला आणि २०२१ मध्ये संसदेने सर्व संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. त्यामुळे या व्यवसायांना निश्चित दर्जा लाभला आहे. मात्र येथे घाई करणाऱ्याचे काम नाही. रुग्णाची एक मूठ उघडण्यासाठी महिनोन् महिने वाट पाहण्याची ज्याची तयारी असेल, त्यानेच या वाटेला यावे.

घरच्या घरी घ्यावयाची काळजी

तज्ज्ञ जवळ नसला तरी कुटुंबीयांना बरेच काही करता येते. नित्याच्या उपयोगाच्या काही सूचना येथे देत आहोत.

१. अचानक तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी तेल चोळत बसू नये. १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. मेंदूतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

२. अंथरुणावर असलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. त्यामुळे पाठीला व कमरेला जखमा होत नाहीत.

३. पक्षाघाताचा हात धरून रुग्णास कधीही ओढून उठवू नये. खांदा निखळण्याचा धोका असतो. तज्ज्ञास न विचारता मुठीत चेंडू दाबत राहण्याचा व्यायामही करू नये. त्याने काही रुग्णांची बोटे अधिकच आखडतात.

४. सदरा घालताना अधू हात आधी घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. एवढ्याने रुग्ण स्वतः कपडे करू लागतो.

५. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला तर कमजोर पकडीतही धरता येतो. ताटाखाली ओला रुमाल ठेवल्यास ताट सरकत नाही.

६. न्हाणीघरात शेवाळ साचू देऊ नये. बसण्यासाठी भक्कम स्टूल आणि भिंतीला धरण्यासाठी दांडी असावी. वृद्धांचे मांडीचे हाड मोडण्याचे प्रसंग पुष्कळदा येथेच घडतात.

७. मधुमेह किंवा कुष्ठरोगामुळे हातापायांची संवेदना गेली असेल, तर रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत. गरम भांडे कापडानेच धरावे. शेकण्यासाठी गरम पाण्याची पिशवी वापरू नये. देवदर्शनाच्या वेळी तापलेल्या फरशीवर चालणे टाळावे.

८. पोते किंवा हंडा उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यात वाकावे व ओझे अंगाजवळ धरावे. एकाच बैठकीत तासन् तास भाजी निवडणे, शिवणे किंवा हिशेब लिहिणे टाळावे. अधूनमधून उठून चार पावले चालावे.

या सर्वांहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. आजारी माणसाला मायेपोटी सर्व काही हातात आणून दिले जाते. घरची सून भरविते, मुलगा अंघोळ घालतो. त्यामागील प्रेम वंदनीयच आहे. परंतु जो हात वापरला जात नाही, तो मेंदूच्या विस्मरणात जातो. सांडले तरी चालेल, वेळ लागला तरी चालेल, पण घास रुग्णाने स्वतःच्या हाताने घ्यावा. मदत करण्याआधी थोडे थांबणे, हीही एक सेवाच आहे.

समारोप

आपल्या समाजात दानाची परंपरा मोठी आहे. कृत्रिम पाय, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या यांच्या वाटपाची शिबिरे अनेक विश्वस्त संस्था मोठ्या श्रद्धेने भरवितात. १९६८ मध्ये विकसित झालेल्या जयपूर फूटने तर असंख्य माणसांना उभे केले. तथापि, पाय बसविला आणि चालण्याचा सराव करून घेतला नाही, तर तो पाय घराच्या खुंटीला लागतो. खुर्ची दिली आणि दाराचा उंबरठा तसाच राहिला, तर खुर्ची ओसरीवरच राहते. शिबिराच्या दिवसाइतकाच त्यानंतरचा सहावा महिना महत्त्वाचा असतो. वाटपाच्या खर्चातील काही भाग प्रशिक्षित उपचारकाच्या नियमित भेटीसाठी राखून ठेवला, गरजू विद्यार्थ्याला या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, तर दिलेले दान सत्कारणी लागेल. पन्नास वर्षे सेवाकार्य करून पुढील वाटचालीचा विचार करणाऱ्या कोणत्याही संस्थेने कमलाबाईंच्या जीवनातून हा बोध अवश्य घ्यावा.

परक्या देशात जन्मून या भूमीशी एकरूप झालेल्या, चाळिशीनंतर नवी विद्या शिकून ती शेकडो हातांत सोपविणाऱ्या कमलाबाई निंबकर यांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन!